शोभेच्या कोंबड्या पुण्यात पाळताना: जात, खुराडं, पावसाळा आणि शेजारी

मोबाइलवर रेशमी पिसांची, डोक्यावर झुपका मिरवणारी कोंबडी दिसली की पहिला प्रश्न येतो, "ही कुठे मिळेल?" हा प्रश्न खरं तर चौथा असायला हवा. त्याआधी तीन प्रश्न आहेत. घरात कोंबडा निघाला तर त्याचं काय करायचं? जून ते सप्टेंबर ही कुठे राहणार? आणि आजारी पडली तर हिला तपासणारा डॉक्टर कोण? शहरातले बरेचसे दवाखाने कुत्र्यामांजरांचे असतात. पक्षी बघणारा पशुवैद्यक आधी शोधून ठेवा, कोंबडी नंतर आणा.

शोभेच्या कोंबडीत आपण ज्या गोष्टीला भुलतो, तीच बहुतेक वेळा तिची दुखरी बाजू असते. रेशमी पिसं भिजतात, झुपका डोळ्यांवर येतो, पायांवरच्या पिसांना चिखल चिकटतो आणि चिमुकल्या अंगाला थंडी बाधते. गावाकडची कोंबडी उकिरडा उकरून, झाडावर झोपून निभावून नेते. हिला ते जमत नाही. तिच्या देखणेपणाची निगा रोज आपल्यालाच राखावी लागते, म्हणून जात निवडताना फोटोइतकंच पुण्याचं हवामानही डोळ्यांपुढे असू द्या.

आधी शेजारी, मग कोंबडी

सोसायटीत राहत असाल तर कमिटीची परवानगी लेखी घ्या. बंगला किंवा रो-हाउस असेल तरी महापालिकेच्या आपल्या क्षेत्रीय कार्यालयात एकदा विचारून या. कोंबड्यांबद्दलच्या तक्रारी मुख्यतः दोन असतात, वास आणि आवाज. वास आपल्या हातात आहे, आवाज नाही.

ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. पहाटे चारच्या पहिल्या बांगेतच कोंबडा ती ओलांडतो, आणि बँटम, म्हणजे ठेंगण्या-चिमुकल्या जातीच्या कोंबड्याचा आवाज त्याच्या आकाराला अजिबात शोभत नाही. रात्री त्याला अंधाऱ्या खोक्यात ठेवा असा सल्ला सर्रास मिळतो. त्याने आवाज थोडा दबतो, बाकी काही होत नाही. नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिलं की कोंबड्याचं आरवणं त्याच्या शरीरातल्या घड्याळावर चालतं. उजेड दिसो न दिसो, वेळ झाली की तो बांग देतो. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे आपल्याकडे आधीपासून माहीत होतंच. गळ्याला आवळायचे पट्टे मिळतात ते वापरू नका, पक्षी गुदमरतो.

अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही, पिल्लांसाठी लागतो. शहरात राहणाऱ्याने फक्त माद्याच पाळाव्यात असं माझं स्पष्ट मत आहे. पिल्लं विकत घेतली तर त्यात साधारण निम्मे नर निघणारच. त्यामुळे विकणाऱ्याशी आधीच बोलून घ्या: नर निघाला तर तो परत घेईल का? नाही म्हणाला तर मुळशी, भोर, पुरंदरकडे कोणी ओळखीचं शेतकरी घर आहे का ते बघा. ही सोय झाल्याशिवाय पिल्लं आणू नका.

कोणती जात घ्यावी

पहिल्यांदा पाळणाऱ्याने सिल्की घ्यावी. स्वभावाने इतकी शांत कोंबडी दुसरी क्वचितच असेल. मुलांनी उचललं तरी ओरडत नाही, उडत तर नाहीच. चार फूट उंचीच्या कुंपणात ती राहते. पण तिच्या पिसांच्या धाग्यांना एकमेकांत अडकवून ठेवणारे सूक्ष्म आकडे नसतात, म्हणून ती मऊ लागतात आणि म्हणूनच पाणी अडवू शकत नाहीत. पावसात भिजलेली सिल्की कातडीपर्यंत भिजते आणि लवकर सुकत नाही. पुण्यात सिल्की ठेवायची तर पावसाळ्यात तिला पक्क्या छपराखालीच ठेवावं लागतं.

पोलिश जातीचा डोक्यावरचा झुपका बघून लोक हरखतात. त्या झुपक्याखाली कवटीवर एक उंचवटा असतो, आणि काही पक्ष्यांत तिथलं हाड पूर्ण जुळलेलं नसतं. दुसऱ्या कोंबडीने त्या जागी जोराने चोच मारली तर जीव जाऊ शकतो. शिवाय समोरचं नीट दिसत नसल्याने पोलिश कोंबडी सारखी दचकते. हिला दांडगट जातींबरोबर ठेवू नये. एकट्या पोलिशपेक्षा दोन-तीन पोलिश किंवा पोलिश-सिल्की अशी जोडी बरी.

ब्रह्मा आणि कोचीन या बँटम नव्हेत, चांगल्या धिप्पाड. ब्रह्माचा नर साडेचार-पाच किलोपर्यंत जातो. स्वभाव सौम्य, थंडी सोसणारा, पण एप्रिल-मेमध्ये पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो तेव्हा हा पिसांचा डोंगर धापा टाकतो. पायांवरही पिसं असल्याने चिखल आणि विष्ठा तिथे साचते. बागेत मोठी सावली असेल तरच या वाटेला जा. त्याच धाटणीची छोटी कोंबडी हवी असेल तर पेकिन बँटम घ्या. गोल गरगरीत, जमिनीलगत चालणारी, सांभाळायला सोपी.

सीब्राइट दिसायला दागिना. सोनेरी किंवा रुपेरी पिसाला काळी किनार, आणि तीही प्रत्येक पिसाला. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये सर जॉन सीब्राइट यांनी ही जात घडवली. हिच्या नराची शेपूट आणि मानेची पिसंही मादीसारखीच असतात, त्यामुळे पिल्लांत नर-मादी ओळखताना भलेभले फसतात. ही उडते चांगली, चंचल असते आणि मरेक्स नावाच्या विषाणूजन्य आजाराला लवकर बळी पडते. नवख्या माणसाने हिच्यापासून सुरुवात करू नये.

सेरामा मलेशियाची. वजन अर्ध्या किलोच्या आत. गॅलरीत पाळता येईल एवढीशी, पण डिसेंबर-जानेवारीत पुण्यात रात्री पारा दहाच्या खाली उतरला की तिला आडोसा आणि ऊब लागते. आखूड पायांच्या जपानी बँटमबद्दल पुढे रवणीच्या भागात सांगतो. आणि कडकनाथ, मध्य प्रदेशातल्या झाबुआची, २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली काळी कोंबडी. शोभेची म्हणून कोणी सांगत नाही, पण इथल्या हवेला ती पुरून उरते. काळ्या पिसांवर हिरवट झाक हवी असेल तर परदेशी जातीमागे धावण्याची गरज नाही.

रानकोंबडा मात्र कोणी कितीही स्वस्तात देऊ केला तरी नको. तो वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो.

खरेदी

चौकात टोपलीत गुलाबी, हिरवी, निळी पिल्लं विकायला बसतात. ती कोणत्याही शोभेच्या जातीची नसतात. अंडी देणाऱ्या जातींतले नको असलेले नर रंगवून विकलेले असतात. मुलांनी कितीही हट्ट केला तरी घेऊ नका, बहुतेक पिल्लं लस न टोचलेली आणि भुकेली असतात.

सिल्की म्हणून संकरित पक्षी गळ्यात मारले जातात. अस्सल सिल्कीच्या पायाला चार नव्हे, पाच बोटं असतात. कातडी काळसर निळी असते. कडकनाथच्या संकरातही कातडी काळी येते, म्हणून आधी बोटं मोजा. पक्षी सकाळी बघा, खाण्याच्या वेळी. डोळे पाणावलेले नसावेत, नाकातून फेस नसावा, शेपटीखालची पिसं विष्ठेने चिकटलेली नसावीत. उचलून छातीच्या हाडावर बोट फिरवा. हाड सुरीसारखं टोचलं तर पक्षी उपाशी किंवा आजारी आहे.

घरी आधीच कोंबड्या असतील तर नवीन पक्षी निदान तीन-चार आठवडे वेगळे ठेवा. वेगळे म्हणजे शेजारच्या पिंजऱ्यात नव्हे, दुसऱ्या बाजूला, वेगळी भांडी, वेगळ्या चपला, आणि दाणापाणी आधी जुन्यांना, मग नव्यांना.

खुराडं

बँटमसाठी आत प्रत्येकी दोन चौरस फूट आणि बाहेर फिरायला निदान चार. मोठ्या जातींना याच्या दुप्पट. कमीत कमी तीन पक्षी ठेवा. एकटी कोंबडी झुरते.

जाळीवर कंजूषी करू नका. बाजारात 'कोंबडी जाळी' म्हणून षटकोनी भोकांची पातळ जाळी मिळते. ती कोंबडीला आत ठेवते, मुंगसाला बाहेर ठेवत नाही. अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी घ्या. पुण्यात मुंगूस, बोका आणि घूस सगळीकडे आहेत. जुन्या वाड्यांच्या, झाडांच्या भागात उदमांजर रात्री कौलांवरून येतं. दिवसा घार आणि शिक्रा, पिल्लांवर कावळे आणि भारद्वाज. घूस खालून उकरते, म्हणून जाळी जमिनीत एक फूट पुरा किंवा बाहेरच्या बाजूला फूटभर आडवी पसरून वर फरशा ठेवा. दाराला नुसती कडी नको. कडीत अडकवायचा हूक लावा.

जमिनीवर भाताचं तूस तीन-चार इंच पसरा. रोज काठीने हलवा, ओला भाग लगेच काढून टाका. नाकाला अमोनिया झोंबला तर कोंबडीच्या डोळ्यांना तो तुमच्याआधी झोंबलेला असतो. हवा खेळण्यासाठी जाळी वरच्या बाजूला ठेवा, झोपण्याच्या दांडीच्या पातळीला थेट वारा नको. दांडी दीड-दोन इंच रुंद, कडा घासलेल्या. सिल्कीसाठी फूटभर उंची पुरे. ब्रह्मासाठीही कमीच ठेवा, कारण जड पक्षी उंचावरून उडी मारून तळपायाला गाठ करून घेतो. अंड्यांसाठी दहा-बारा इंची खोकं, आत तूस किंवा वाळलेलं गवत.

टेरेसवर ठेवणाऱ्यांनी पत्र्याचा विचार आधी करावा. मे महिन्यात दुपारी पत्र्याखाली भट्टी होते. पत्र्यावर गोणपाट टाकून दुपारी ओलं करा आणि त्यावर हिरवी शेडनेट ताणा. छपराची पागोळी खुराड्याच्या आत नको, बाहेर दोन फूट तरी पुढे आलेली असावी.

पिल्लं आणल्यावरचे पहिले आठवडे

पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या पातळीला ३५ अंश सेल्सिअस लागतं. पुढे दर आठवड्याला तीन-एक अंशांनी कमी करत जायचं. थर्मामीटरपेक्षा पिल्लांकडे बघा. बल्बखाली एकावर एक चढली तर गारठली आहेत, कडेला जाऊन पंख पसरून तोंड उघडत असतील तर उष्णता जास्त आहे, पेटीभर पसरून चिवचिवत असतील तर ठीक. वीज जाईल हे धरून चालायचं, इन्व्हर्टरची सोय करून ठेवा. पाण्याच्या भांड्यात स्वच्छ गोटे टाका. बँटमचं पिल्लू एवढंसं असतं की बशीभर पाण्यातही बुडतं. वर्तमानपत्रावर ठेवू नका, पाय घसरून फाकतात. सुरुवातीचे दोन-तीन दिवस पोत्याचा तुकडा किंवा खरखरीत कापड चालतं.

खाणं

पहिले आठ आठवडे चिक मॅश (पिल्लांचं तयार खाद्य), मग ग्रोअर (वाढत्या वयाचं). अंडी सुरू झाल्यावर लेअर मॅश, पण त्यात साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असतं. ते अंडं देणाऱ्या कोंबडीला हवं, पिल्लांच्या आणि नराच्या मूत्रपिंडाला झेपत नाही. वेगवेगळ्या वयाचे पक्षी एकत्र असतील तर सगळ्यांना ग्रोअर द्या आणि शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा. जिला लागतो ती खाते. ब्रॉयलरचं खाद्य नको, पक्षी नुसता सुटतो.

बँटमला दिवसाला साधारण पन्नास-साठ ग्रॅम पुरतं, सेरामाला त्याच्या निम्मं. संध्याकाळी मूठभर ज्वारी-बाजरी, सकाळी कोथिंबिरीचे देठ, पालक, शेवग्याचा पाला. शिळी आमटी-भाजी घालू नका, त्यातलं मीठ आणि तेल त्यांना सोसत नाही. कच्चा राजमा, हिरवट बटाट्याची सालं, अॅव्होकाडो, चॉकलेट पूर्ण बंद. पावसाळ्यात खाद्य दहा-पंधरा दिवसांपुरतंच आणा आणि पोतं फळीवर ठेवा. मक्याला बुरशी लागली की त्यातलं विष यकृत खातं. अशा वेळी अख्खं पोतं टाकून द्या, निवडत बसू नका.

रोजची आणि आठवड्याची निगा

एका टबमध्ये कोरडी माती, वाळू आणि चुलीची राख मिसळून ठेवा. कोंबड्या त्यात लोळतात, पिसांत माती घालून झटकतात. त्यांची आंघोळ ती. उवा त्यानेच आटोक्यात राहतात. हा टब पावसाळ्यात कोरडा ठेवणं हे निम्मं काम.

आठवड्यातून एकदा रात्री टॉर्च घेऊन जा. दांडीवर बसलेला पक्षी अंधारात शांत असतो. एका हाताने छातीखालून उचला, पाठ तळहातावर घ्या आणि शेपटीखालची पिसं बोटाने दुभंगा. कातडीवर पळणारे पिवळसर ठिपके म्हणजे उवा. पिसांच्या मुळाशी पांढरट साखरेच्या खड्यांसारखे पुंजके म्हणजे त्यांची अंडी. लाल माइट (रक्त पिणारे बारीक किडे) अंगावर कमी आणि दांडीच्या फटीत जास्त सापडतात, म्हणून दांडीच्या खालून पांढरा कागद ओढून बघा. रक्ताचे डाग उमटले तर खुराड्याला औषध मारायची वेळ झाली. कोणतं आणि किती ते पशुवैद्यकाला विचारा, कारण काही औषधांनंतर ठरावीक दिवस अंडी खाता येत नाहीत. पायांचे खवले उचकटल्यासारखे, खरबरीत दिसले तर खवल्यांखाली किडे आहेत. पाय कोमट पाण्यात भिजवून पुसायचे आणि खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन चोपडायचं, काही आठवडे नेमाने. ब्रह्मा, कोचीन, सिल्कीत हे पिसांखाली लपतं.

पोलिशचा झुपका डोळ्यांवर आला तर कापावा. प्रदर्शनात उतरवायची नसेल तर संकोच कशाला? संध्याकाळी पक्षी टॉवेलमध्ये गुंडाळा, मांडीवर घ्या, डोळा अंगठ्याने झाका आणि बोथट टोकाच्या कात्रीने डोळ्यासमोरची पिसं थोडी थोडी छाटा. पिसाचा दांडा निळसर, भरलेला दिसला तर ते कोवळं पीस आहे, त्यात रक्त असतं. ते सोडून द्या. सिल्कीच्या शेपटीखालची पिसंही अशीच आखूड ठेवली की विष्ठा चिकटत नाही.

उन्हाळ्यात दुपारी गार पाणी बदलत राहा, कलिंगडाची सालं द्या. पंख लोंबकळवून सारखी धापा टाकणारी कोंबडी सावलीत घ्या, पाय गार पाण्यात बुडवा, बर्फाचं पाणी अंगावर ओतू नका. गणपतीतले ढोल आणि दिवाळीचे फटाके हा वेगळाच ताप. त्या संध्याकाळी लवकर आत घ्या, जाळीवर जाड कापड टाका. दचकलेली पोलिश भिंतीवर आपटते.

खुडूक आणि रवण

सिल्की आणि पेकिन वारंवार खुडूक होतात, म्हणजे अंडी उबवायच्या नादाला लागतात. अंडी नसतानाही खोक्यात फुगून बसतात, हात घातला की गुरगुरतात. पिल्लं नको असतील तर तळाला तूस नसलेल्या, जाळीच्या उंच पिंजऱ्यात दाणापाण्यासह तीन-चार दिवस ठेवा. पिल्लं हवी असतील तर रवणीला, म्हणजे अंडी उबवायला बसवा. कोंबडीची अंडी २१ दिवसांत फुटतात, बँटमची एखाद-दोन दिवस आधीही.

जोड्या लावताना मात्र डोकं लावा. आखूड पायांचे दोन जपानी बँटम एकत्र केले तर ज्या पिल्लांना आखूडपणाचं जनुक दोन्हीकडून येतं, म्हणजे सरासरी चौथा हिस्सा, ती अंड्यातच मरतात. आखूड आणि लांब पायांचा असा जोड लावायचा. कुरळ्या पिसांच्या फ्रिझलचंही तसंच. दोन्ही कुरळे असतील तर काही पिल्लांची पिसं इतकी ठिसूळ निघतात की ती जवळपास उघडी पडतात.

लस, आजार आणि आपलं आरोग्य

मानमोडी म्हणजे राणीखेत. लस हाच उपाय, औषध नाही. पहिल्या आठवड्यात लासोटा या लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात आणि पुढे पशुवैद्यकाच्या वेळापत्रकाप्रमाणे. देवीची लस साधारण सहा-आठ आठवड्यांना पंखाच्या पडद्यात टोचतात. देवी डासांमार्फत पसरते, त्यामुळे पावसाळ्याआधी ती झालेली बरी. अडचण अशी की लसीची बाटली शेकडो पक्ष्यांची असते आणि मिसळल्यावर दोनेक तासांत संपवावी लागते. चार-पाच घरांनी मिळून एकाच सकाळी लसीकरण ठरवलं तर बाटली वाया जात नाही. बाटली बर्फात आणा. राज्य सरकारची लसनिर्मिती औंधलाच होते, तेव्हा पुणेकरांना लांब जायला नको.

पावसाळ्यात पिल्लं पिसं फुगवून मान खाली घालून बसली आणि विष्ठेत रक्त दिसलं तर रक्ती हगवण. ओलं तूस हे तिचं मूळ. त्याच दिवशी दवाखाना गाठा, उद्यावर ढकलू नका.

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसची (गियाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराची) साथ आली, तेव्हा काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनाय हा जिवाणू आढळला. हा जिवाणू निरोगी दिसणाऱ्या कोंबडीच्या आतड्यातही राहतो. शेजारी हा प्रश्न विचारणारच, आणि त्यांचा प्रश्न रास्त आहे. पक्षी हाताळल्यावर साबणाने हात धुवा, मुलांना कोंबडीचे पापे घेऊ देऊ नका, खुराडं धुतलेलं पाणी विहिरीकडे किंवा पाण्याच्या टाकीकडे जाऊ देऊ नका, आणि त्यांची भांडी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये घासू नका. अंडी पूर्ण शिजवून खा.

बर्ड फ्लू महाराष्ट्रात २००६ मध्ये नवापूरला आला, २०२१ मध्ये पुन्हा. बाधित ठिकाणापासून एक किलोमीटरच्या आतले सगळे पक्षी नष्ट करतात, त्यात पाळीव कोंबड्याही येतात. म्हणून परिसरात काही ऐकू आलं तर पक्षी बाहेर सोडणं थांबवा आणि इतर ठिकाणच्या कोंबड्यांकडे जाणं टाळा. एकाच दिवशी दोन-तीन पक्षी अचानक मेले तर उघडून बघू नका आणि कचऱ्यात किंवा नदीत टाकू नका. जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी फोन करा. शवविच्छेदन औंधच्या रोग अन्वेषण विभागात होतं. तिथे न्यायला सांगितलं तर हातमोजे घालून पक्षी दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधा आणि बर्फाच्या डब्यात ठेवा. फ्रीजरमध्ये गोठवू नका, गोठलेल्या शवात तपासण्यासारखं फारसं उरत नाही.